पप्पांची किडनी आणि आज्जीचा प्रश्न

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड असायचा, त्यामुळे माझं मराठी म्हणजे अर्धं घरचं आणि अर्धं पुस्तकातलं. मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर मैत्रिणी हसल्याच. पण हा विषय मला इंग्रजीत लिहायचाच नव्हता, कारण ज्या प्रश्नावर हा लेख आहे तो प्रश्न माझ्या आज्जीनं विचारला होता, आणि तोही अस्सल पलूसच्या भाषेत.

आमच्या घरात रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला अलार्म वाजतो. दिवाळी असो, लग्न असो, भारत-पाकिस्तान मॅच असो. पप्पा उठतात, डब्यातून गोळ्या काढतात आणि घेतात. २०१८ साली पुण्यात पप्पांचं किडनीचं ट्रान्सप्लांट झालं. बीपी वाढलेलं कळलंच नाही आणि कळेपर्यंत दोन्ही किडन्या गेल्या होत्या. किडनी दिली आज्जीनं, म्हणजे पप्पांच्या आईनं. तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती आणि ऑपरेशननंतर दोन महिन्यांत बागेत द्राक्षाच्या काड्या बांधत होती.

मग आला ऑगस्ट २०१९. त्या पुराबद्दल सांगली जिल्ह्यातल्या कुणाला सांगायची गरज नाही. पलूस गावात पाणी नव्हतं, पण भिलवडी, अंकलखोप पाण्यात, सांगली पाण्यात आणि आमच्या गोळ्या मिळायच्या ते मेडिकलसुद्धा पाण्यात. विटा, कराड सगळीकडे फोन झाले, ती गोळी कुणाकडे नव्हती. घरात चार दिवसांच्या गोळ्या होत्या. पप्पांनी काय केलं, तर कुणाला न सांगता दोनऐवजी एकच वेळ गोळी घ्यायला सुरुवात केली. "पुरवून पुरवून" म्हणतात ना, तसं! पाणी ओसरलं, गोळ्या मिळाल्या, सगळं ठीक वाटलं. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.२ वरून २.४ वर. बायोप्सी झाली. रिजेक्शन, म्हणजे पप्पांचं शरीर आज्जीची किडनी नाकारत होतं. तीन दिवस स्टिरॉइडची मोठी इंजेक्शनं दिली, तेव्हा कुठे ते १.६ वर येऊन थांबलं. पुन्हा १.२ कधीच झालं नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून आज्जी म्हणाली, "नऊ म्हैनं माझ्या पोटात हुता की ह्यो. तवा माझ्या आंगानं ह्येला भाईर ढकललं न्हाई. मग आता माझीच किडनी ह्येच्या आंगाला परकी कशी झाली गं?"

मी तेव्हा तेरा वर्षांची होते, उत्तर दिलं नाही. अकरावी-बारावीला बायोलॉजी सोडून मॅथ्सच घेतलं आणि आता ई अँड टीसीला आहे. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून दोन वर्षं जमेल तसं वाचते आहे. जे कळलं ते इथे मांडते.

तर मुळापासून सुरुवात करू, आणि मूळ चक्क आपल्या पुण्यात आहे! १७९४ सालच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. तो टिपूच्या तावडीत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या माणसानं त्याला कपाळाच्या कातडीचं नवीन नाक बसवून दिलं. सर्जन नाही, डॉक्टर नाही, परंपरेनं शिकलेला कारागीर! इंग्रज डॉक्टरांनी ते ऑपरेशन डोळ्यांनी पाहिलं. ते पत्र वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ साली लंडनमध्ये तसंच नाक बसवलं आणि युरोपात प्लॅस्टिक सर्जरीची गाडी सुरू झाली.

कावसजीचं नाक टिकलं, कारण कपाळ त्याचंच होतं. तीच कातडी शेजारच्या माणसाच्या कपाळाची असती तर दोन आठवड्यांत काळी पडून गळून गेली असती. किती सफाईनं शिवली यावर ते अवलंबून नसतं. हे पक्कं दाखवून दिलं पीटर मेडावार यांनी. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांवर दुसऱ्यांची कातडी लावायचे प्रयत्न चालू होते. १९४३ मध्ये मेडावार आणि सर्जन गिब्सन यांना ग्लासगोत दिसलं की एका दात्याची कातडी पहिल्यांदा लावली तर काही दिवस टिकते, पण त्याच दात्याची दुसऱ्यांदा लावली तर पहिलीपेक्षा लवकर जाते. म्हणजे शरीराला आठवण असते! जी यंत्रणा देवी-गोवर एकदा झाला की लक्षात ठेवते, तीच यंत्रणा परक्या कातडीलाही लक्षात ठेवते. शिवणकामात दोष नव्हता, आपली रोगप्रतिकारशक्ती तिचं काम चोख करत होती.

इथे मला आमची द्राक्षबाग आठवते. पलूस-तासगाव भागात द्राक्षाची वेल सरळ लावत नाहीत. आधी डॉगरिजचा जंगली खुंट लावतात, त्याची मुळं चिवट, पाण्याचा ताण आणि खारपड जमीन सहन करणारी. पावसाळा सरता सरता त्यावर सोनाका नाहीतर थॉमसनच्या काडीचं पाचर कलम भरतात. खुंट अमेरिकन जातीचा, वरची काडी वेगळ्याच जातीची, आणि दोघं आयुष्यभर सुखानं नांदतात. गोळी नाही, अलार्म नाही. लहानपणी मला वाटायचं माणसाचंही असंच असतं, डॉक्टर पाचर मारतात आणि वरून पट्टी बांधतात. पण झाडांना आपल्यासारख्या शिकणाऱ्या, फिरत्या, आठवण ठेवणाऱ्या टी-सेल नसतात. म्हणून कलम सोपं. आपण फार हुशार झालो, त्याची ही किंमत आहे.

आता थोडं टेक्निकल. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ओळखपत्र असतं, त्याला एचएलए म्हणतात. याची जनुकं सहाव्या क्रोमोसोमवर एका गठ्ठ्यात असतात. एक गठ्ठा आईकडून, एक बापाकडून. त्यामुळे आई आणि मूल निदान अर्धे तरी जुळतातच. सख्ख्या भावंडांत मात्र लॉटरी. चारात एक शक्यता पूर्ण जुळण्याची, एक अजिबात न जुळण्याची आणि दोन अर्धं जुळण्याच्या. म्हणजे आज्जीच्या किडनीवरचं अर्धं ओळखपत्र पप्पांच्या ओळखीचं आहे आणि उरलेलं अर्धं, जे तिनं पप्पांना दिलंच नाही, ते अनोळखी.

पण शरीराला कळतं कसं की काय आपलं आणि काय परकं? मला वाटायचं अँटीव्हायरससारखी व्हायरसची यादी असेल. तसं नाही. आपलं शरीर आधी शत्रूची यादी करत नाही, ते आंधळेपणानं किल्ल्या बनवतं. जनुकांचे तुकडे रँडम जोडून कोट्यवधी प्रकारच्या टी-सेल तयार होतात, प्रत्येकीची किल्ली वेगळी. मग त्यांची परीक्षा होते ती छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत. तिथे शरीरातले आपलेच नमुने दाखवले जातात. जी सेल आपल्याच नमुन्यावर जोरात चालून जाते तिला तिथेच मारून टाकतात. जिची किल्ली कशालाच लागत नाही तीही मरते. शंभरातल्या पाचसुद्धा पास होत नाहीत! (आपल्या एम-थ्रीच्या निकालापेक्षा वाईट.) आणि पास होऊन बाहेर पडलेल्यांचा नियम सरळ असतो, जे थायमसमध्ये दाखवलं गेलं नाही ते परकं.

पप्पांच्या थायमसमध्ये आज्जीचं ते उरलेलं अर्धं ओळखपत्र दाखवलं गेलं नव्हतं. सदतीस वर्षांनी ते अचानक पोटात येऊन बसलं. त्यात आज्जीचं प्रेम किती, हे वाचायची सोय एचएलएमध्ये नाही.

मग गर्भाशयातलं काय? आज्जीच्या प्रश्नात एक गफलत आहे, आणि ती मला फार उशिरा लक्षात आली. दिशा उलटी आहे! पप्पा पोटात होते तेव्हा सहन करणारं शरीर आज्जीचं होतं आणि अर्धे परके होते पप्पा. आता सहन करायचंय पप्पांच्या शरीरानं, आणि परकी आहे आज्जीची किडनी. शिवाय पोटात मध्ये वार असते. वारेच्या ज्या पेशी आईच्या शरीराला भिडलेल्या असतात त्या नेहमीचं ओळखपत्र बरंचसं लपवतात आणि एक वेगळंच, शांत करणारं ओळखपत्र पुढे करतात. आईच्या शरीरातही त्या नऊ महिन्यांत शिपाई आवरणाऱ्या पेशी वाढतात. तरी ती शांतता पूर्ण नसते. काही बायकांच्या रक्तात बाळंतपणानंतर मुलाच्या, म्हणजे पर्यायानं नवऱ्याकडच्या ओळखपत्राविरुद्ध अँटिबॉडीज सापडतात आणि पुढे कधी नवऱ्याची किडनी घ्यायची वेळ आली तर त्या आडव्या येतात.

म्हणजे आज्जी चूक? तेही नाही. १९४५ साली अमेरिकेत रे ओवेन यांना गाईच्या जुळ्या वासरांत एक विचित्र गोष्ट दिसली. जुळी वेगवेगळ्या बीजांची, पण पोटात असताना त्यांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. मोठी झाली तरी प्रत्येकीच्या रक्तात दुसरीच्या पेशी सुखात फिरत असतात, कुणी कुणाला मारत नाही. (खोंड-कालवडीचं जुळं झालं तर ती कालवड बहुतेक गाभ जात नाही, हे आज्जीला आधीच ठाऊक होतं. कारण तेच, जोडलेलं रक्त.) यावरून मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी १९५३ मध्ये प्रयोग केला. उंदराच्या पोटातल्या पिल्लांना दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. पिल्लं मोठी झाल्यावर त्याच दुसऱ्या जातीची कातडी त्यांना लावली आणि ती टिकली! तिसऱ्या जातीची लावली तर गळून पडली. म्हणजे रोगप्रतिकारशक्ती मेलेली नव्हती, फक्त एका विशिष्ट परक्याला तिनं आपलं मानलं होतं. याला इम्यून टॉलरन्स म्हणतात, मराठीत प्रतिकार-सहनशीलता म्हणू. मेडावार यांना १९६० चं नोबेल मिळालं, ऑस्ट्रेलियाच्या बर्नेट यांच्याबरोबर.

आणि माणसात? आईच्या काही पेशी वार ओलांडून बाळात जातात आणि पुढे कित्येक वर्षं तिथे राहतात. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटानं दाखवलं की या पेशी गर्भाच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतात आणि गर्भ त्यांना न मारता उलट आवरणाऱ्या पेशी तयार करतो. त्याआधी १९९८ मध्ये बर्लिंगहॅम यांच्या अभ्यासात दिसलं होतं की भावा-बहिणीकडून किडनी घेतली आणि त्यांचं न जुळणारं अर्धं आईकडचं असेल, तर ती बापाकडच्या अर्ध्यापेक्षा जास्त टिकते. म्हणजे शरीराला आईची पुसट ओळख राहते! पण खुद्द आईच्या किडनीला याचा तसा ठळक फायदा होताना दिसत नाही, आणि का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आज्जीनं बाकावर बसून जो प्रश्न विचारला तो आजही संशोधनाचा विषय आहे.

आता उपायांचा इतिहास पटकन बघू. पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४, बोस्टन, डॉ. जोसेफ मरे. जमलं, कारण दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते, कावसजीच्या नाकासारखंच. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये १९६५ सालीच प्रयत्न झाला होता, पण रुग्ण वाचला नाही. भारतातलं पहिलं यश १९७१ मध्ये वेल्लोरला. तेव्हा औषधं म्हणजे अझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड, झालं.

खरी क्रांती झाली मातीतून. नॉर्वेच्या एका उजाड पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन सापडलं, १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूतून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस सापडलं. पप्पांची नऊची गोळी तीच. तिसरं रॅपामायसिन, ते ईस्टर बेटाच्या मातीतलं. त्यामागे सुरेंद्रनाथ सेहगल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. कंपनीनं माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरी फ्रीझरमध्ये जपून ठेवला होता! शेवटी १९९९ मध्ये किडनीच्या रुग्णांसाठी त्या औषधाला मान्यता मिळाली.

गंमत बघा, तिन्ही औषधं मातीची, आणि ती सुरू झाल्यावर डॉक्टरांनी पप्पांना पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे मातीत हात घालायचा नाही. कारण ही औषधं फक्त किडनीवर चालून जाणाऱ्या सेल नाही आवरत, सगळ्याच आवरतात. पहारेकऱ्यांना झोपेची गोळी दिल्यासारखं. त्यात बुरशी, टीबी, साधा ताप, सगळ्यांना मोकळं रान. आयुष्यभर द्राक्ष पिकवलेला माणूस आता तोंडाला मास्क लावून बांधावर उभा राहतो आणि दावण्याची फवारणी आत कशी चालू आहे हे मोबाइलवर विचारतो. आणि दुसरं म्हणजे टॅक्रोलिमस स्वतःच किडनीला हळूहळू इजा करतं. कमी घेतलं तर शरीर किडनी खातं, जास्त घेतलं तर औषध किडनी खातं. म्हणून दर काही आठवड्यांनी रक्तातली लेव्हल तपासायची. कंट्रोल सिस्टीम्सच्या पहिल्या लेक्चरला सरांनी फीडबॅक लूप काढला तेव्हा मला सांगलीची लॅबच आठवली.

म्हणून जगभर प्रयत्न चालू आहेत ते गोळ्या सोडवायचे. मेडावारच्या पिल्लांना जे झालं ते मोठ्या माणसात करता येईल का?

सर्वात सरळ कल्पना अशी, की दात्याची किडनी द्यायची आणि सोबत दात्याचा बोनमॅरोही द्यायचा. मॅरो रुजला तर दात्याच्या पेशी थायमसपर्यंत जातात आणि नवीन टी-सेलना हाही नमुना दाखवला जातो. म्हणजे अभ्यासक्रमच बदलायचा! २००८ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटानं अर्ध्या जुळणाऱ्या पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हेच आमचं प्रकरण, अर्धं जुळणारं. पाचातल्या चौघांच्या गोळ्या पूर्ण बंद करता आल्या. वाचून मी उडालेच होते. पण पुढे वाचलं. मॅरो रुजवायला आधी रुग्णाचा स्वतःचा मॅरो औषधांनी आणि रेडिएशननं खिळखिळा करावा लागतो. आणि उलटं संकटही असतं, दात्याच्या पेशीच रुग्णाच्या अंगावर उठतात. कलमाच्या काडीनं खुंट खावा तसं. २०२२ मध्ये स्टॅनफर्डनं तीन मुलांमध्ये आईवडिलांच्या मॅरोतून धोकादायक पेशी गाळून आधी मॅरो आणि मग त्याच आईची किंवा वडिलांची किडनी दिली. तिघांच्याही गोळ्या बंद झाल्या. पण त्या मुलांना एक दुर्मिळ आजार होता ज्यात मॅरो बदलणं तसंही गरजेचं होतं. पंचेचाळिशीच्या, बाकी ठणठणीत माणसाला तो धोका पत्करायला सांगायचा का, हा वेगळा हिशोब आहे.

आपल्या जवळच, अहमदाबादला, याच वाटेवर खूप आधी एक माणूस चालला होता. डॉ. एच. एल. त्रिवेदी. १९७७ मध्ये कॅनडातली चांगली प्रॅक्टिस सोडून ते परत आले आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात किडनीची मोठी संस्था उभी केली. नव्वदच्या दशकापासून डॉ. अरुणा वणीकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ते दात्याच्या मॅरोतल्या पेशी, पुढे चरबीतून वाढवलेल्या पेशी, यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून रुग्णाला देत. यकृतच का? कारण यकृत हा स्वभावानंच सहनशील अवयव आहे, रोज जेवणातून येणाऱ्या परक्या गोष्टी त्याला मुकाट्यानं पचवाव्या लागतात. यकृताच्या प्रत्यारोपणानंतर काही रुग्णांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण बंद करता येतात. त्रिवेदींचा रोख सरळ होता, गरीब रुग्णाला आयुष्यभर महाग औषधं परवडत नाहीत, म्हणून कमीत कमी औषधावर किडनी टिकली पाहिजे. त्यांच्या पद्धतीकडे पाश्चात्त्य जगानं थोडं हात राखूनच पाहिलं. पण मला वाटतं प्रश्न त्यांनी बरोबर पकडला होता. आमच्याकडे महिन्याला आठ-नऊ हजार गोळ्यांना जातात. बाजार पडला त्या वर्षी बेदाणा विकून गोळ्या आणल्या आहेत. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २ ऑक्टोबर २०१९ ला ते गेले. आम्ही रिजेक्शनच्या इंजेक्शनांतून नुकतेच बाहेर पडत होतो तेव्हा.

पुण्यातलंही एक उदाहरण सांगितलंच पाहिजे. मे २०१७ मध्ये गॅलेक्सी केअर हॉस्पिटलमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या टीमनं भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. आईचं गर्भाशय मुलीला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथेच अशा गर्भाशयातून भारतातलं पहिलं बाळ जन्मलं. ज्या पिशवीत आई वाढली त्याच पिशवीत तिचं बाळ! आता टॉलरन्सच्या दृष्टीनं बघा. मुलीच्या शरीरात अर्धं परकं गर्भाशय, आणि त्यात पुन्हा अर्धं परकं बाळ. गर्भाशयासाठी गोळ्या लागतात, बाळासाठी निसर्ग स्वतः सोय करतो. आणि यात एक सुटका आहे जी किडनीला नाही. मुलं झाली की ते गर्भाशय काढून टाकता येतं आणि गोळ्या बंद. पप्पांना तसं म्हणता येत नाही.

आता ताजी बातमी. मघापासून मी "आवरणाऱ्या पेशी" म्हणते आहे ना, २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांनाच मिळालं. म्हणजे त्या शोधणाऱ्या तिघांना, जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेच्या मेरी ब्रंकोव व फ्रेड रॅम्सडेल. थायमसच्या परीक्षेतून कितीही चाळलं तरी काही माथेफिरू सेल निसटतातच. त्यांना बाहेर कोण आवरतं? साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवलं की टी-सेलमध्येच एक वेगळी जात आहे, जिचं काम मारणं नसून मारणाऱ्यांना थांबवणं आहे. तेव्हा बऱ्याच जणांचा विश्वास बसला नव्हता. २००१ मध्ये ब्रंकोव आणि रॅम्सडेल यांनी एका आजारी उंदराच्या जातीत बिघडलेलं जनुक शोधलं, फॉक्सपी३, आणि माणसाच्या मुलांमध्येही तेच जनुक बिघडलं की शरीर स्वतःवरच तुटून पडतं हे दाखवलं. पुढे दोन वर्षांत कळलं की या आवरणाऱ्या पेशी घडवणारं जनुक हेच.

मग या पेशी रुग्णाच्या रक्तातून काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि परत द्यायच्या. पहारेकऱ्यांना झोपेची गोळी देण्याऐवजी त्यांच्यात एक समजूतदार हवालदार नेमायचा! युरोप-अमेरिकेतल्या काही केंद्रांनी मिळून 'द वन स्टडी' नावाची चाचणी केली, २०२० मध्ये निकाल आले. जिवंत दात्याची किडनी घेतलेल्या रुग्णांना अशा पेशी देणं सुरक्षित निघालं, संसर्ग कमी झाले, आणि काही जणांचं एखादं औषध कमी करता आलं. पूर्ण बंद नाही, कमी. वर्तमानपत्रात वाचताना "औषधांपासून मुक्ती" असं छापलेलं असतं, पण प्रत्यक्षात गाडी सध्या इथेच उभी आहे.

मला हे सगळं एवढं का खटकतं ते सांगते. पप्पांचं क्रिएटिनिन आता १.९ आहे. उसनी किडनी कायमची टिकत नाही. ही गेली तर पुढची कुणाची? आज्जीकडे आता एकच उरली आहे. मम्मीचा रक्तगट जुळत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे आईवडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, नवरा-बायको, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडं. अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत. मी अठरा पूर्ण केली त्या संध्याकाळी पप्पांना म्हटलं, "माझी घ्या. मीपण अर्धी जुळते." पप्पा केक कापायचं सोडून बागेकडे निघून गेले. मास्क न लावता. नंतर फक्त एवढंच म्हणाले, "आईची घेतली ती एकदाच. पोरीची घ्यायची नाही. विषय बंद."

मम्मी म्हणाली, मुलगा असतास तर कदाचित हो म्हणाले असते. मला नाही तसं वाटत. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायकाच जास्त असतात आणि घेणारे पुरुष जास्त, हे मी वाचलं आहे. आमच्या घरात निदान एक माणूस बाईची किडनी दुसऱ्यांदा नाही म्हणतोय, यात मला राग यावा की बरं वाटावं हे अजून ठरलेलं नाही. मेंदुमृत दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या झेडटीसीसीकडे यादी असते, आमच्या भागाचं नाव तिथेच लागतं. यादी लांब आहे.

गेल्या महिन्यात सुट्टीला घरी गेले तेव्हा आज्जीला बसवून सगळं सांगितलं. थायमस, अर्धं ओळखपत्र, उलटी दिशा. जुळ्या कालवडीचं सांगितल्यावर ती म्हणाली, "ते आमाला म्हाईत हाय, पुढचं बोल." आईच्या पेशी मुलात वर्षानुवर्षं राहतात हे सांगितलं तेव्हा जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग त्या हायत्या की आत. त्यास्नी सांगा म्हनावं, ही किडनी आपल्यातलीच हाय म्हून."

तेवढ्यात नऊ वाजले, अलार्म झाला. आज्जीच उठली गोळी द्यायला. पुरानंतर डबा तिनं स्वतःकडे घेतला आहे आणि त्यात कधीही दोन महिन्यांपेक्षा कमी गोळ्या नसतात.

यात काही चुकलं असेल तर ज्यांचे दादा-ताई मेडिकलला आहेत त्यांनी जरूर सांगा. मी लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये रात्री साडेआठपर्यंत असते, नऊला मला घरी फोन करायचा असतो.